तुझ्या शेडमधली जागा

परतूर,
१७ जुलै २०२५

प्रिय अक्षता,

सप्रेम जयभीम. राजानंदरावांना आणि पोरांनाही सांग. आईचा गुडघा आता बरा आहे. गल्लीभर तुझ्या सत्काराचा फोटो दाखवत फिरते. फोनवर मी लगेच गोड बोलायला लागते, म्हणून हे लिहून राह्यले.

मागच्या महिन्यात हसनाबादला तुझ्या सत्काराच्या दिवशी मी जेवायला थांबले नाही. डोकं दुखतंय म्हणाले. दुखत नव्हतं. तू रेशमाच्या कोषांचा हार घालून स्टेजवर उभी होतीस आणि आई शेजारच्या बाईला म्हणाली, "ही माझी लेक." मी तिच्या बाजूलाच बसले होते. माझी पीएच.डी. झाली तेव्हा आई असं कुणाला म्हणाली नव्हती.

दहावीच्या गणिताला रडणारी तू, आणि आज साहेब लोक तुला विचारतात, तुती कशी लावायची. मला सहन होत नाही, अक्षता.

कॉलेजचं विचारलंस की मी "चालू आहे" म्हणते. चालू नाही. इतकी वर्षं तासिकांवर काढली, दर उन्हाळ्यात पुन्हा बोलावतील का म्हणून जीव टांगणीला. यंदा बोलावलंच नाही. आईलाही ठाऊक नाही. रोज साडी नेसून निघते आणि वाचनालयात जाऊन बसते.

अजून एक. गेल्या आठवड्यात तू रडत फोन केलास, "ताई, रोग पडला. समद्या अळ्या गेल्या." मी "अगं बाई!" म्हणाले खरी, पण आतून बरं वाटलं. क्षणभर न्हाई, पार संध्याकाळपर्यंत.

संध्याकाळी पुन्हा तुझाच फोन. "रडून झालं, ताई. शेड धुऊन चुना मारून राह्यलो. मंग नव्या अळ्या आणू. तू येतीस का? एक माणूस कमी पडतंय."

माझं गेलं तर मी लपवत बसले. तुझं गेलं तर तू शेड धुवायला घेतलीस. त्या हारापेक्षा मला याचाच जास्त जळफळाट झाला.

आज आईला खरं सांगते आणि रविवारी तुझ्याकडे येते. पाला तोडीन, झाडलोट करीन. फक्त शेडवर कामाला येणाऱ्या बायांसमोर "आमची ताई प्राध्यापक आहे" म्हणू नकोस. आणि हे वाचून मी येऊ नये असं वाटलं, तर तसं कळव. तेही बराबरच आहे.

अजून जळतच असलेली,
तुझी ताई
सुमेधा