पाणी गोड लागलं तेव्हापासून

४ मार्च १९८६
वस्तीत सरकारी हापसा बसला. अर्ज मीच लिहिला होता, म्हणून पहिला तांब्या मला. गोड पाणी! गावातल्या विहिरीचं मचूळ, डाळ शिजत न्हाई. सासरे दोन तांबे प्याले.

९ मार्च
सरपंचाची बायको शांताबाई दारात! "शशिकला, पोरगी लय गोड हाय गं तुजी." पोरीचं नाव माहीत न्हाई, पण गोड. अठ्ठ्याहत्तरला, नामांतराच्या दंगलीत आमची छपरं पेटली, तेव्हा हिच्याच दाराशी पळालो होतो. आतून कडी लावून घेतली. आज काय पाहिजे असेल?

१० मार्च
कळलं. सरपंच स्वतः आले. ‘ए पोरी’चं ‘शशिकलाबाई’ झालंय. "अर्जावर तुमची सही हाय, ह्याच्यावर बी करा. पाण्याची सोय वाढवायची हाय." कागदावर तेवढी एकच ओळ. खाली अर्धं पान कोरं. त्यात काय भरणार? म्हटलं, विचार करून देते. हसले. "करा की. आमी गोडीनंच सांगायलोत."
तो ‘च’ ऐकला आणि कागद पेटीत ठेवून कुलूप लावलं.

१५ मार्च, शनिवार
हे पूर्णेहून आले. रेल्वेत असल्यानं आठवड्यातून एकदाच घरी. कागद उन्हात धरून पाहिला. "सही करू नको. कोऱ्या जागेत लिहून घेतील आणि हापसा गावात पारापाशी नेतील. मग आपण परत लांब उभं राहायचं."
सासरे म्हणाले, "गोड मानून घे, पोरी. छपरं पुन्यांदा बांधायची ताकद न्हाई माझ्यात."
दोघांचंही खरं. मग मी...

१८ मार्च
भर दुपारी शांताबाई हापशावर, एकटी. घागर भरली, मग माझ्यापुढं ओंजळ धरली. मी वरून पाणी ओतलं. आजवर ओंजळ आमची असायची. प्याली. तोंड पुसता पुसता हळूच, "सही करू नको." तेवढ्यात तिची जाऊ येताना दिसली, तर मोठ्यानं, "लय गोड पाणी हाय बाई!" आणि निघून गेली.
का म्हणाली? मनाला काही लागलं असेल? का मी अडून बसावं, म्हणजे गावाला आमच्यावर उठायला निमित्त? तिचा चेहरा आठवून पाहते. कळत न्हाई.
उद्या सकाळी सरपंच कागद न्यायला येणार. सासरे दुसऱ्यांदा विचारून गेले, "केलीस का?"
म्हटलं, वाचायलेय.