समोरचा काठ

२ ऑगस्ट
पुन्हा फोटो! घळीच्या या काठावरून, त्या काठावरून, वाकून, उभं राहून – एकाच मातीचे शेकड्यांनी फोटो. मग ते जोडून संगणक घळीचा त्रिमितीय नमुना उभा करतो. मागच्या खेपेचा नमुना त्यावर ठेवला की किती माती वाहून गेली ते कळतं. ताई फोनवर म्हणाली, "एवढे फोटो स्वतःचे काढले असतेस तर एव्हाना लग्न जमलं असतं!" हसले. फोन ठेवल्यावर घळीकाठची ही खोली फारच गप्प वाटली.

५ ऑगस्ट
समोरच्या काठावर ड्रायव्हरकाकांचं घर. आयुष्यभर बस चालवली, आता एकटेच. इथे माझ्याशी बोलणारा हा एकच माणूस, तोही घळीपलीकडून ओरडून!
"काय गं पोरी, गेलं का माझं अंगण?"
"आहे अजून!"
"नीट मोज हं! मी काही इथून हलणार नाही."
माझ्या अहवालावरच ठरणार – त्यांना घरातून हलवायचं की नाही. ते गेले तर मी बोलू कुणाशी? भिंतीशी?

६ ऑगस्ट
दिवसभर पाऊस. कुणी बोललं नाही. मीही नाही.

१४ ऑगस्ट
नवा नमुना जुळवला. काकांचा काठ तसूभरही खचलेला नाही! उलट थोडा वरच आलाय. खोलीत एकटीच नाचले. बाहेर जाऊन घसा फोडून सांगितलं. काका म्हणाले, "मग! मी काय उगाच सांगत होतो?"

१५ ऑगस्ट
साहेबांचा फोन. "अहो, माती वाहून जाते. वर कधीपासून चढायला लागली?"
खाडकन डोळे उघडले. आनंदाच्या भरात एवढंही कळू नये? अक्कल कुठे चरायला गेली होती माझी!
"न हलणाऱ्या खुणा तपासा," म्हणाले. दोन नमुने जुळवायला जागची न हलणारी खूण लागते. खुणेच्या माझ्या काळ्यापांढऱ्या पाट्या माझ्याच खोलीच्या जोत्यावर ठोकलेल्या आहेत. सिमेंटचं जोतं – ते कुठे जातंय! घोळ काकांच्याच बाजूला असणार, तिथलीच माती हलत असणार. म्हणजे काका जाणार. ताट वाढून घेतलं, तसंच झाकून ठेवलं.

१७ ऑगस्ट
दूरचा कातळ सगळ्या फोटोंत दिसतो, जुन्यांतही. तो पक्का. आता पाट्या सोडून त्याच्यावरून सगळं पुन्हा जुळवतेय. संगणक कूर्मगतीने चाललाय. काकांनी दोनदा हाक मारली. ऐकू न आल्यासारखं केलं. कोणत्या तोंडाने बोलू त्यांच्याशी? फार एकटं वाटतंय आज.

१८ ऑगस्ट
काकांचा काठ होता तिथेच आहे. खचतंय ते माझं जोतं, खोलीसकट; म्हणून समोरचा काठ वर आल्यासारखा दिसला.
काका राहणार. जायचंय मला.