सुमनची भवानीची नोट

मंगळवार, संध्याकाळ. जहाजावर.

मलेशियाचं पेनांग बंदर मागं पडलं, मन तिथंच हाय. बंदरावर सगळीकडं कार्ड चालतं, असं लेक म्हणाला होता. पंखे विकणाऱ्या तमिळ म्हातारीला मात्र रोखच पायजे होतं. जहाजावर बदलून घेतलेल्या नोटा गडबडीत काढून दिल्या, त्यात मिसळून माझ्या बायकोची, सुमनची, रुपयाची नोट गेली. आटपाडीच्या दुकानातली, तिच्या शेवटच्या भवानीची. हळदीचा डाग असलेली. सुमन वारल्यापास्नं ती नोट माझ्याच पाकिटात होती.

मागायला हात पुढं केला, तवर म्हातारीनं साऱ्या नोटा डोळ्यांना लावल्या. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक मीच असणार. सुमन अशीच लावायची. मग मागवेना.

हळदीचा डाग पाकिटाच्या अस्तराला तेवढा उरलाय. आत्ता लेक म्हणाला, "दादा, पाकीट डागाळलंय, जहाजावरच्या दुकानातनं नवं घेऊ."

मी पाकीट उशीखाली सारलं.