साडेबावीसची घरघंटी

५ जानेवारी, रविवार
घरघंटी आणली, घरात दळायची. खडेबाजारात राघ्याच्या दुकानातनं. एमआरपी अठ्ठावीस हजार. मी अठरा म्हणालो. राघ्या हसला, चहा मागवला. तासभर झुंज दिली आणि साडेबावीसला पाडला. साडेपाच हजार खाली! चौतीस वर्षं हायस्कुलात नफा-तोटा शिकवला तो काय उगीच? शेवटी त्यानंच हात जोडले, म्हणाला, शाम्या, तुझ्यापुढं माझं काय चालतंय. पाचवीपासून एका बाकावरचा दोस्त, पण धंद्यात दोस्ती आणली न्हाय. माझी शिस्त आहे ती.

कल्याणीला एकोणीस सांगितले. हे खोटं न्हाय. टेम्पो, स्टँड, वायर, जीएसटी बाजूला काढलं तर मशीन एकोणीसचंच आहे. साधारण.

१२ जानेवारी, रविवार, रात्री
साडूकडं निपाणीला गेलतो. गोपाळच्या नातवाचं बारसं. पंगतीत कल्याणीनं घरघंटीचा विषय काढला. आमच्या ह्यांनी एकोणीसला आणली म्हणाली. मी मान खाली घालून भात कालवला. विनय पाहिजे माणसाला.

तेवढ्यात गोपाळनं ताक संपवलं, मिशी पुसली आणि सांगितलं की त्यानंपण तीच घेतलीय. तीच कंपनी, तेच मॉडेल, रंगसुद्धा तोच. गेल्या महिन्यात, निपाणीत. साडेसतरा. वर म्हणतो, अण्णा, तुमाला जरा जास्तच लागलं की! सगळी पंगत माझ्याकडं बघाय लागली. जिलबी घशाखाली उतरेना. चार खाल्ल्या कशातरी.

कल्याणीला वाटतंय दीड हजाराचा फरक. खरा फरक पाच हजार आहे आणि तो मी एकट्यानं सोसायचा. धड ओरडतासुद्धा येत न्हाय. राघ्यानं गळा कापला माझा. चहा पाजून कापला.

१३ जानेवारी, सोमवार, पहाटे ५.१०
झोप न्हाय. संकल्प केला. राघ्याला सोडायचं न्हाय. महिन्याभरात त्याच्या दुकानाचं शटर खाली आलं पाहिजे. मारामारी न्हाय, शिवीगाळ न्हाय, सगळं पुराव्यानिशी. माझ्यासारखा शांत माणूस चिडला म्हणजे काय होतं ते खडेबाजार बघेल.

आजपासून चहापण त्याच्याकडं बंद.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. राघ्या दरवर्षीसारखा तिळगूळ घेऊन आला. बेशरम. तिळगूळ घेतला, पण गोड बोललो न्हाय. नुसता हूं हूं केलो. त्याच्या लक्षात आलं नसावं, अर्धा तास बसून गेला. मशीन नीट चालतंय का विचारलं, उघडून बघितलं, एक स्क्रू आवळला. गुन्हेगार परत गुन्ह्याच्या जागी येतो म्हणतात ते हेच.

लाडू बरे होते.

१६ जानेवारी, गुरुवार
सर्व्हे सुरू. गणपत गल्लीतलं एक दुकान धरलं. सकाळी कोट घालून, थेट मालकाशी इंग्लिशमध्ये. सत्तावीस हजार. दुपारी जुना शर्ट, पायात स्लिपर, हातात पिशवी. चोवीस, आणि पैसे रोख देणार का हप्त्यानं, असंही विचारलं. चारला फोन करून कन्नडमध्ये, एष्ट री, म्हणजे कितीला? साडेपंचवीस.

एक दुकान, एक मशीन, एक दिवस, तीन भाव! संध्याकाळी परत जाऊन जाब विचारला. मालक म्हणाला की भाव माणूस बघून नसतो, सर्व्हिस बघून असतो. मग जरा वेळ माझ्याकडं बघून म्हणाला, सर, सकाळी कोटात तुमीच आलतासा न्हवं? तपास चालू असताना बोलू नये.

निष्कर्ष: सगळे चोर. सूत्रधार राघ्या.

१८ जानेवारी, शनिवार
निपाणी. कल्याणी बाळाला बघायला म्हणून बरोबर आली. कर्नाटकात बायकांना बस फुकट, म्हणून तिला तिकीट न्हाय, मला पूर्ण. एकच बस, एकच बाक, आणि खिडकी तिला. सरकारच असं वागतंय तर राघ्याला कोण विचारणार!

निपाणीत तीन दुकानं पालथी घातली. चोवीस आठशे, पंचवीस दोनशे, सव्वीस. साडेसतरा कुठंच न्हाय. साडेसतरा म्हटल्यावर एक जण तर हसत आत गेला आणि बाहेर आलाच न्हाय. म्हणजे गोपाळला भेटलेला दुकानदार देवमाणूस असणार, आणि हे तिघं राघ्याचे साथीदार.

गोपाळला दुकानाचं नाव विचारलं. मालक तिरुपतीला गेलाय म्हणाला. बिल मागितलं, तर ते म्हणे कपाटात आणि किल्ली बायकोकडं. बायको समोरच बसलेली. मग म्हणाला की ते दुकान आता बोरगावला गेलंय. लगेच बोरगाव गाठलं. दोन तास फिरलो. तिथं कुणाला काय माहीत न्हाय. गोपाळ साधा माणूस आहे, त्याला पत्ते लक्षात राहत न्हायत.

२० जानेवारी, सोमवार
धवलकडं गेलतो. माझा विद्यार्थी, आता वकील. ग्राहक कोर्टात खेचायचं म्हणालो. त्यानं बिल वाचलं आणि विचारलं की एमआरपीपेक्षा साडेपाच हजार कमी घेतले, तर केस नेमकी कशाची करायची? मी म्हणालो, फसवणुकीची, विश्वासघाताची, मानसिक छळाची, सगळ्याची कर. मग म्हणाला, सर, तुमी घरात एकोणीस सांगितलाय म्हणता, कोर्टात मात्र हे साडेबावीसचं बिल लावावं लागंल.

बीजगणितात दोनदा नापास झालतं हे पोर. कोर्टाचा नाद सोडला. आता जनतेचं कोर्ट.

२२ जानेवारी, बुधवार
पाचशे हँडबिलं छापली. मजकूर माझाच: बेळगावकरांनो, जागे व्हा! खडेबाजारात साडेबावीसला गळ्यात मारली जाणारी घरघंटी निपाणीत फक्त साडेसतरा हजारात! खाली गोपाळचा मोबाईल नंबर, खात्रीसाठी. त्याला विचारलं न्हाय. साक्षीदाराला आधी सांगितलं की तो फिरतो.

राघ्याच्या दुकानासमोर चहाच्या टपरीजवळ उभा राहून दीडशे वाटली. राघ्या रस्ता ओलांडून आला. एक घेतलं, चष्मा लावून पूर्ण वाचलं, घडी करून खिशात टाकलं. मला वाटलं आता भांडतोय. मी तयार होतो. तो दुकानात परत गेला, आणि पाच मिनिटांनी टपरीवाल्यानं माझ्या हातात चहा दिला. पैसे राघवेंद्रशेठनी दिलेत म्हणाला.

लाच! प्यायलो, पण दुकानाकडं पाठ करून.

२५ जानेवारी, शनिवार
विजय! चार दिवसांत राघ्याचं एक मशीन खपलं न्हाय. माझ्या डोळ्यांदेखत गिऱ्हाइकं पायरीवरनं परत गेली. हिंडलग्याची मालुबाई म्हणून एक बाई पैसे घेऊनच आलती, घरात दळपाचा धंदा टाकायचाय म्हणे. तिला मी स्वतः समजावलं. बाई म्हणाली, मास्तर, देवासारखं भेटलासा. सौदा मोडून गेली.

राघ्या दिवसभर स्टुलावर बसून होता. मला फार बरं वाटलं. संध्याकाळी जरा कमी बरं वाटलं, पण ते उन्हामुळं असेल.

२८ जानेवारी, मंगळवार
गोपाळचा फोन. आवाज चढलेला. तीन दिवसांत त्र्याहत्तर फोन आले म्हणाला. खानापूर, कोगनोळी, कुठनं कुठनं. अंघोळ करू देत न्हायत. त्यात काल ती मालुबाई दोन जावई आणि टेम्पो घेऊन थेट दारात. साडेसतराचं मशीन काढा म्हणून उंबऱ्यात बसली ती उठेना. गल्ली गोळा झाली. शेवटी गोपाळनं घरातलंच मशीन साडेसतराला तिच्या टेम्पोत चढवलं. मेव्हणी तेव्हापासून त्याच्याशी बोलत न्हाय.

मी म्हणालो, घेतलं तेवढ्यालाच दिलंत, तुमचं काय गेलं?

त्यावर जे बाहेर पडलं ते ऐकून मी खाली बसलो. त्यानं घेतलं होतं पंचवीस हजार दोनशेला! म्हणाला, अण्णा, पंगतीत वैनी एकोणीस म्हणाल्या, मग पाव्हण्यांत मी काय पंचवीस सांगून माझंच नाक कापून घेऊ व्हय? तुमी एकोणीस, म्हणून मी साडेसतरा.

माणसं इतकी खोटी का बोलतात? घेतलेल्या वस्तूची किंमत कमी सांगायची ही कसली हौस? या असल्या लोकांमुळं बाजारात कशाचाच भाव कळत न्हाय.

फोन ठेवल्यावर कल्याणीनं विचारलं की मग आपली खरी कितीची? एकोणीस, म्हणालो. ठाम राहिलो.

२९ जानेवारी, बुधवार
राहिलेली हँडबिलं माळ्यावर टाकली. हरलो म्हणून न्हाय. कागद उपयोगी पडतो.

शांत डोक्यानं विचार केला. निपाणीत पंचवीस, गणपत गल्लीत चोवीस ते सत्तावीस, मला साडेबावीस. म्हणजे सगळ्यांत कमी मलाच पडली. पण म्हणून राघ्या सुटत न्हाय. साडेबावीसमध्येसुद्धा त्यानं दोन-तीन हजार खाल्लेच असणार. बालमित्राकडनं नफा! आकडा काढल्याशिवाय राहणार न्हाय.

३१ जानेवारी, शुक्रवार
आकडा घरी चालत आला.

सकाळी राघ्याची मुलगी रचना आली. दुकानाचा कॉम्प्युटर तीच बघते. बस म्हटलं तर बसली न्हाय. कंपनीचं बिल टेबलावर ठेवलं. राघ्याची स्वतःची खरेदी बावीस हजार नऊशे. म्हणाली, काका, तुमाला साडेबावीसला दिली, टेम्पोभाडंपण बाबांनीच दिलं. शामला खरा भाव सांगायचा न्हाय, घासाघीस करू दे, त्याला बरं वाटतं, असं म्हणालते. हँडबिल बघून कंपनीचा माणूस आलता. तोटा घेऊन विकता म्हणजे गडबड आहे म्हणून बाबांना सगळ्यांसमोर बोलला. आपण इथं आलोय ते बाबांना माहीत न्हाय, हेपण तिनं सांगितलं. रडली न्हाय. रडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

कल्याणी दारात उभी होती. साडेबावीस तिनं ऐकलं. आत गेली आणि घरघंटी चालू केली. तासभर चालू होती. आत धान्य होतं का, बघायची हिंमत झाली न्हाय.

गणिताच्या दृष्टीनं राघ्याचं चुकलं. तोटा घेऊन विकायचंच कशाला? आधी सांगितलं असतं तर मी घासाघीस केली असती का?

केली असती.

१ फेब्रुवारी, शनिवार
संकल्प: उद्या जाऊन माफी मागायची. स्वच्छ शब्दांत. भाषणाचा कच्चा खर्डा केला. पहिल्या तीन ओळींत गोपाळची चूक आली, त्या खोडल्या. मग काही उरलंच न्हाय. तोंडीच बोलेन.

२ फेब्रुवारी, रविवार
गेलतो. रविवारी दुकान बंद असतं. मला माहीत होतं. घरी जायला पाहिजे होतं. कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. त्याच्या अंगणात चपला लई होत्या, पाव्हणे असतील.

३ फेब्रुवारी, सोमवार, रात्री ९.३०
आज गेलो. नुसती माफी मागाय जाणं बरं दिसत न्हाय म्हणून जाळीचं निमित्त केलं. घरघंटीला बारीक जाळी हवीच होती.

दुकानात नवीन बोर्ड लागलाय. सर्वांना एकच भाव, कृपया घासाघीस करू नये. रचना दिसली न्हाय. राघ्या स्वतः कॉम्प्युटरपुढं बसला होता. मी जाळी मागितली. त्यानं काढून दिली. दोनशे चाळीस. वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हणालो, राघ्या, दोनशे लाव की. त्यानं बोटानं बोर्ड दाखवला. रागानं न्हाय. सगळ्यांना दाखवत असेल तसाच.

अडीचशे दिले. दहा परत आले. मी तसाच उभा राहिलो, आता चहा सांगेल म्हणून. माफीचं वाक्य ओठावर होतं, चहा आला की बोलणार होतो. तो की-बोर्डवर बोटं ठेवून स्क्रीनकडं बघत होता. बिल केल्याशिवाय आता काही देत न्हाय म्हणाला.

मग विचारलं, तुमचं नाव?

मी सांगितलं. पूर्ण नाव सांगा म्हणाला. वडिलांचं आणि आडनाव लावून परत सांगितलं. त्यानं टाइप केलं.