गोळी खरी की पिठाची

प्रति,
मा. प्रमुख संशोधन अधिकारी,
व्यसन व मेंदूविकार संशोधन विभाग,
सार्वजनिक रुग्णालय, दुसरा मजला.

विषय: सहभागी क्रमांक सतरा यांना मिळणारी गोळी खरी आहे की पिठाची, हे त्यांच्या पत्नीस कळविण्याबाबत.
संदर्भ: काल आपल्या विभागात झालेले माझे तोंडी बोलणे.

महोदय,

प्रस्तुत अर्ज रागाच्या भरात लिहिलेला नाही. रागात लिहिलेला मी फाडला. हा दुसरा आहे.

१. सहभागी क्रमांक सतरा हे माझे पती. ते लिफ्ट दुरुस्त करतात, मी कपडे अल्टर करण्याचे दुकान चालवते. दारूचे व्यसन त्यांना लग्नाआधीपासून होते. आपल्या औषधाच्या चाचणीत त्यांनी नाव घातले ते माझ्या आग्रहाने, आणि तेव्हापासून त्यांनी बाटलीला हात लावलेला नाही. याबद्दल मी विभागाची ऋणी आहे. पुढील मजकूर वाचताना हे वाक्य कृपया ध्यानात ठेवावे.

२. आपण आम्हा दोघांना समोर बसवून समजावले होते की, मेंदूत डोपामीन नावाचे रसायन असते, घोट घेतला की ते "आणखी हवे" असा निरोप धाडते, आणि ही गोळी तो निरोप जिथे पोचतो त्या दाराला कुलूप लावते. मात्र बाकीची सुखेही त्याच दाराने येत असल्याने जेवण, गाणी, घरची माणसे थोडी फिकी वाटू शकतील, वजनही वाढू शकेल, घरच्यांनी मनाला लावून घेऊ नये. निम्म्या लोकांना खरी गोळी आणि निम्म्यांना दिसायला तशीच पिठाची मिळेल, कोणाला कोणती हे चाचणी संपेपर्यंत गुप्त राहील, हेही आपण सांगितले होते.

३. त्याप्रमाणे सर्व फिके झाले. रेडिओ बंद पडला तो त्यांनी उघडूनही पाहिला नाही, आणि हा माणूस बंद पडलेली वस्तू सोडणारा नव्हे. मी केस कापून आले, ते माझ्या बहिणीने दाखवून दिल्यावर त्यांना दिसले. त्यांचे वजन वाढले म्हणून मी पँटची कंबर उसवून सैल केली. गोळी खरीच आहे, अशी माझी खात्री पटली. मी मनाला लावून घेतले नाही.

४. परंतु दर गुरुवारी आपल्या विभागाच्या नर्सबाई त्यांची मुलाखत घेतात. त्या दिवशी माझे पती सकाळीच दाढी करतात आणि इस्त्रीचा शर्ट मागतात. मी बाहेर बाकावर बसते. दाराला काच आहे. घरात "हो", "नाही", "बघू" यापलीकडे न जाणारा माणूस आत हातवारे करून बोलतो. एकदा हसला. त्या काय विचारतात, असे मी विचारले, तर म्हणाले की या आठवड्यात काय आवडले, कशाची वाट पाहिली, हेच. मग मीही जेवताना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारले. ते म्हणाले, "तिला सांगून झालंय." महोदय, माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

५. औषध शुक्रवार ते बुधवार चालते आणि गुरुवारी सुटीवर जाते काय? गोळी खरी असेल तर दारू गोळीने सोडवली, माझी तक्रार नाही. पण ती पिठाची असेल, तर दारू कोणी सोडवली? मी इतकी वर्षे बाटल्या मोरीत ओतल्या, शपथा घातल्या, माहेरी जाऊन परत आले. आणि या बाईंनी नुसत्या खुर्चीवर बसून ते केले असेल, तर त्यांच्यापाशी असे काय आहे जे माझ्यापाशी नाही, हे कळण्याचा मला हक्क आहे.

६. काल पती रक्त द्यायला गेले असता मी मुलाखतीच्या खोलीत शिरले आणि वरील सर्व बोलले. आवाज चढला होता, ते नाकारत नाही. नर्सबाईंनी मला खुर्ची दिली. गोळी कोणती हे त्यांनाही ठाऊक नाही, आणि माझे पती काय बोलतात हे सांगता येणार नाही, असे म्हणाल्या. इतके मात्र सांगितले: "माझ्याशी बोलतात, कारण मी त्यांच्या तोंडाचा वास घेत नाही, ताई." मी म्हटले, ज्याला एका घरात राहायचे आहे त्याला वास घ्यावाच लागतो. ते त्यांनी मान्य केले. मग मी पिठाच्या गोळीचे काढले. त्या म्हणाल्या, "पिठाची निघाली तर त्यांनी स्वतःच सोडली असं होईल. माझा काय संबंध?"

७. मी बाहेर आले. पती कोपरात कापूस दाबून बाकावर बसले होते. शेजारी बसताना मी वास घेतला नाही. जड गेले. ते म्हणाले, "आत काय करत होतीस?" मी म्हटले, भांडत होते. ते म्हणाले, "कोण जिंकलं?" लागोपाठ दोन प्रश्न त्यांनी बऱ्याच दिवसांत मला विचारले नव्हते.

८. तरी विनंती की, उत्तर चाचणी संपल्यावर दिले तरी चालेल. नर्सबाईंना बदलू नये. मात्र गोळी पिठाची निघाल्यास ती बातमी विभागाने माझ्या पतींना परस्पर देऊ नये. आधी मला कळवावी, मी सांगेन. दारू त्यांनी स्वतः सोडली असेल, हा अर्थ त्यांच्या बायकोला आधी सुचायला हवा होता. तो त्या बाईंना सुचला, ही माझी तक्रार आजही कायम आहे.

आपली ऋणी, परंतु नाराज,
(सही)
सहभागी क्रमांक सतरा यांची पत्नी
दिनांक: आज, शुक्रवार

सोबत: विवाहाच्या दाखल्याची प्रत, मी पत्नी असल्याच्या पुराव्यादाखल.