दुसऱ्या पाळीची गाडी

जळोची, बारामती
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. संजीवनीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला म्हणशील. तुमच्या घरात फोन स्पीकरवर असतो, आणि मी हॅलो म्हणायच्या आत तुझे थोरले दीर सर्जेराव खोकतात. म्हणून लिहिते. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर हाय, लावून वाच. पत्र आमच्या कंपनीतली रेश्मा आणून देईल, तिचं माहेर बावड्यातच हाय.

तुझी स्वरूपा मावशीच्या घरात राहून जरा अंगानं भरली. बातमी अशी की तिला कंपनीनं मशीनवर घेतलं. आमच्या कंपनीत पेरूचा गर डब्यात भरतात हे तुला ठाऊक. बायकांनी पेरू निवडायचे, चिरायचे, आणि मशीन गड्यांनी चालवायचं, असंच चालत आलंय. पोरीनं आयटीआय केलंय म्हणून साहेबांनी तिला डबे बंद करायच्या मशीनवर उभी केली. बाईमाणूस तिथं पहिलीच. सुरुवातीला गडी हसले. आता हसत न्हाईत, पण बोलत बी न्हाईत.

काळजी एकच हाय. मशीनवाल्याला आलटूनपालटून दोन्ही पाळ्या कराव्या लागतात आणि दुसरी पाळी रात्री सुटती. कंपनीची गाडी बायकांना दारात सोडती, म्हणून तर सर्जेरावांनी पोरीला हितं ठेवलं. ज्या दिवशी गाडी बंद त्या दिवशी पोरगी घरी, असं ते माझ्या तोंडावर सांगून गेलेत. आणि आता गाडी बंद होणार अशी कुजबुज हाय. मोठे साहेब पुण्याला असतात, हिकडं फिरकत न्हाईत. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मॅडमना घेऊन येणार हायत. तवा समद्या बायकांच्या वतीनं मी बोलायचं ठरलंय. मी भीत न्हाय कुणाच्या बापाला.

तुझ्या मालकांना, संभाजीरावांना नमस्कार सांग. घरात त्यांचं कुणी ऐकत नसलं तरी सांग. लोभ हाय तसा राहू दे.

तुझी आक्का,
कौसल्या

बावडा
१७ जानेवारी

ती. आक्कास सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. स्वरूपा मशीन चालवती हे वाचून मी गोठ्यात जाऊन रडले. घरात रडले असते तर कारण विचारलं असतं.

आक्का, पणदऱ्याचं एक स्थळ आलंय. ऊस हाय, माणसं खाऊनपिऊन सुखी, नाव ठेवायला जागा न्हाय. फक्त मुलाच्या आईनं आधीच सांगितलंय की आमच्या सुना कामाला बाहेर जात न्हाईत. थोरल्या भावजींनी अजून व्हय म्हटलेलं न्हाय. पोरगी कंपनीत मशीनवर हाय हे त्यांना चार माणसांत सांगायला आवडतं. परवा सोसायटीत सांगत होते, जसं काय त्यांनीच तिला शिकवलं. म्हणजे गाडी चालू राहिली तर स्थळ आपोआप मागं पडंल. साहेबांच्या कानावर तेवढं घाल. तुझं तोंड आमी जन्मभर सोसलं, एकदा उपयोगी पडू दे.

पोरीला रात्री गरम जेवायला घालत जा. ह्या धाकट्या बहिणीवर माया कर, रागावलीस तरी कर.

तुझी,
संजू

जळोची
३० जानेवारी

चि. सौ. संजीवनीस आशीर्वाद.

काल हळदीकुंकू झालं. मांडव घातला होता, रांगोळी, भिंतीवर स्त्री-पुरुष समान असा मोठा फलक. मोठे साहेब भाषणात म्हणाले की ही कंपनी गडी आणि बाई असा फरक करत न्हाय. टाळ्या झाल्या. मी उठणार तेवढ्यात मॅडम करंडा घेऊन निघाल्या. मी आणि कामावरची मनिषा, आमी दोघी विधवा, सवयीनं मागं भिंतीला सरकलो. मॅडम सरळ आमच्याकडंच आल्या. मला वाटलं तिळगूळ देत्यात. त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मग समद्यांच्या देखत ओटी भरली. खण, नारळ, गहू.

संजू, हे गेल्यापासून माझ्या कपाळाला कुणाचं बोट लागलं न्हवतं. तुझ्या पुतण्याच्या हळदीला मला भांड्यांच्या खोलीत बसवलं होतं. राग धरू नको, झालं ते लिहिते.  मनिषा हुंदके द्यायला लागली. नंतर साहेबांनी हसून विचारलं की कुणाला काही सांगायचंय का. आता जिनं ओटी भरली तिच्याच नवऱ्यापुढं, भरला पदर घेऊन, गाऱ्हाणं मांडायचं? ओटी घेऊन वर आणखी काही मागायची आपल्यात रीत न्हाय. मी पाया पडले आणि बसले. बाकीच्या बायका माझ्याकडं बघतच राहिल्या. स्वरूपा पण.

काळजी करू नको. विधवेच्या कपाळाला हात लावणारी माणसं पोरींची गाडी बंद करायची न्हाईत. पुढच्या खेपेला बोलते. लोभ वाढव, माझा ऊर आज भरून आलाय.

तुझी आक्का

जळोची
११ फेब्रुवारी

चि. संजीवनीस आशीर्वाद.

गाडी बंद झाली. नोटीस लागली की बायकांच्या सुरक्षेसाठी त्यांना दुसरी पाळी माफ. वाचून दाखवणारा क्लार्क आमचं अभिनंदन करत होता. मशीन दोन्ही पाळ्या करंल त्यालाच, म्हणजे गड्याला. स्वरूपा आजपासून माझ्या शेजारी पेरू चिरती. मी खालच्या साहेबांकडं गेले आणि चांगलं वाजवून विचारलं. ते म्हणाले, हळदीकुंकवाला मोठ्या साहेबांनी स्वतः विचारलं, तेव्हा एकही बाई बोलली न्हाय, म्हणून गाडीची गरज न्हाय असं वर गेलं.

सर्जेरावांना हे कळू देऊ नको. मी काहीतरी करते.

आक्का

बावडा
१५ फेब्रुवारी

ती. आक्कास नमस्कार.

थोरल्या भावजींना कळलंय. त्यांच्या ओळखीचा माणूस तुमच्या गेटवर हाय. रविवारी जीप घेऊन येतील, तिचे कपडे बांधून ठेव. पणदऱ्याला व्हय कळवलं. मी पहिल्यांदाच त्यांच्यापुढं बोलले, दिवसपाळीला पेरू चिरू दे म्हटलं. ते म्हणाले, पेरू तर घरी बी चिरता येतात. ह्यांनी मान डोलावली.

तुझ्या कपाळाला कुंकू लागलं याचा मला आनंद व्हायला पाहिजे. होत न्हाय. बोटभर कुंकवात माझी पोरगी गेली. तुला भांड्यांच्या खोलीत बसवणारी आमी माणसं, आमच्या घरात तुला मान मिळाला असता तर तिथं तुझं तोंड बंद झालं नसतं. म्हणून तुला दोष द्यायला मला तोंड न्हाय. तरी देते.

संजीवनी

जळोची
२ एप्रिल

चि. सौ. संजीवनीस आशीर्वाद.

तू लिहिलंस ते खरं हाय. आठ वेळा कागद फाडला.

जाताना स्वरूपा रडली न्हाय. जीपमध्ये बसायच्या आधी एकच विचारलं, मावशी, सासरी सांगू का मी मशीनवर होते म्हणून. मी सांगितलं, गप बस, तिथं ते उद्धटपणा वाटंल. असं मी सांगितलं, संजू. ती व्हय म्हणाली.

काल मोठे साहेब परत आले, बरोबर कंपनी बघायला आलेले बाहेरचे पाहुणे होते. या वेळी मी उभी राहिले आणि गाडीचं, पोरीचं, समदं बोलले. आवाज चढवूनच बोलले. साहेबांनी मधे न बोलता ऐकलं. मग म्हणाले की मुलीचं लग्न ठरलं ही चांगली गोष्ट हाय, घरच्या निर्णयात कंपनी कशी पडणार. आणि लगेच विचारलं, मशीन शिकायला दुसरी कोण तयार हाय, त्यांनी हात वर करा.

कुणीच केला न्हाय. मनिषाची पोरगी माझ्या बाजूलाच होती, हुशार हाय. तिचा हात हलला. मनिषानं तो धरून खाली घेतला, आणि मी तिला अडवलं न्हाय.

साहेब पाहुण्यांना म्हणाले, बघा, आमी संधी देतो, बायकाच पुढं येत न्हाईत. पाहुण्यांनी ते लिहून घेतलं. मग मशीनचा पट्टा चालू झाला आणि आमी पेरू चिरायला लागलो.

लोभ असावा असं लिहायला हात रेटत न्हाय. उरला असंल तेवढा ठेव.

कौसल्या