अळणी वरण

लातूर, ४ ऑगस्ट
॥ श्री ॥
प्रिय ताईस,
तनुजाचा सा. न. वि. वि.

फोनवर आले नाही म्हणून रागावू नकोस. इथं मोबाइल जमा करून घेतात आणि रविवारी वॉर्डनबाईंच्या फोनपुढं रांग लागते. मागच्या मुली कान देऊन ऐकतात. त्यांच्यासमोर चाचणीचे मार्क सांगायला नको वाटतं. नीटची ही दुसरी खेप, आणि रसायनातच पुन्हा आपटले.

तू शाळेत विज्ञान शिकवतेस, तर एक सांग. सोडियमपेक्षा पोटॅशियम जास्त भडक का? आणि फ्लोरिन एवढासा असून सगळ्यांत आक्रमक कसा? पाठ आहे, कळलेलं नाही.

रूममेटशी, बुद्धप्रियाशी, बोलणं बंद आहे. तिला चांगले मार्क पडले आणि ती माझीच समजूत काढायला बसली. मी लागेल असं बोलले. मेसचं वरण रोज अळणी असतं, मिठाची डबी तिच्याजवळ असते. मी तसंच गिळते. भूकही नसते म्हणा. एकटीची खोली मागितली आहे, अप्पांना होकार कळवायला सांग. मला नीऑन व्हायचंय. कुणाशी देणंघेणं नाही, आहे की नाही याचा कुणाला पत्ताही लागत नाही.

लोभ कमी केलास तरी माझी तक्रार नाही.
तनुजा

नांदेड, ८ ऑगस्ट
॥ श्री ॥
चि. तनुजास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

भोकरच्या शाळेतून आले, तुझं पत्र उंबऱ्यातच वाचलं. अप्पा होकार द्यायला निघालेच होते. म्हणाले, लेकरू लई अभ्यास करून राहिलंय, राहू दे एकटं. मी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. वॉर्डनबाईंना खोली देऊ नका म्हटलंय, तुझ्यावर लक्ष ठेवायलाही सांगितलंय. चिडायचं तर माझ्यावर चीड. बंद दाराआड तू एकटी, न जेवलेली, या विचारानं मला झोप नाही.

आता तुझा प्रश्न. अणूचा सगळा व्यवहार बाहेरच्या कक्षेतला. तिथं सोडियमचा एकच इलेक्ट्रॉन असतो. पोटॅशियमचाही एकच, पण एक कक्षा आणखी लांब. मध्ये आतल्यांची गर्दी, त्यामुळं केंद्रकाची ओढ त्याच्यापर्यंत धड पोचत नाही आणि तो पटकन सुटतो. फ्लोरिनचं उलटं. त्याला एकच कमी पडतो, आणि अणू लहान असल्यानं ओढ जवळून लागते, म्हणून दिसेल त्याचा हिसकावतो. नीऑनची बाहेरची कक्षा भरलेली असते, त्याला कुणाची गरजच पडत नाही. तो रुसून गप्प बसलेला नसतो, बाई. तू रुसलेली आहेस आणि उपाशी आहेस. तुला नीऑन होता यायचं नाही.

सोडियम पाण्यात पेट घेतो, क्लोरिननं जीव गुदमरतो. एकानं दिला, दुसऱ्यानं घेतला, की दोघांचं मीठ होतं. ते तरी वरणात घालून घे.

येत्या १७ तारखेला, रविवारी, येते. बोलली नाहीस तरी शेजारी बसून राहीन. एवढ्या लांब आमची ओढ पोचते का, तेवढं कळव.

लोभ आहे आणि राहील. तो कमी करणं तुझ्या हातात नाही.
ताई (वर्षाराणी)

लातूर, १३ ऑगस्ट
॥ श्री ॥
प्रिय ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रागच आला. वॉर्डनबाई येता-जाता दारातून डोकावतात, ते तुझंच काम. मग रडू फुटलं. बुद्धप्रिया दाराबाहेर जाऊन उभी राहिली आणि कुणाला आत येऊ दिलं नाही.

ताई, मला माझीच भीती वाटत होती. ती खोली मिळाली असती तर मी काय केलं असतं, मलाच ठाऊक नाही. अप्पांना हे मीच सांगेन, पण तू शेजारी असताना. रविवारी नक्की या, तू आणि अप्पा, दोघंही.

ओढ पोचते.

काल जेवताना मीठ मागितलं. बुद्धप्रिया म्हणाली की लई दिवस लावलेस गं, मी तर रोज दोघींपुरतं आणून राहिले होते. घाईत जास्तच घातलं, वरण खारट झालं. तरी सगळं संपवलं.

लोभ असू द्यावा. मागते आहे.
तुझी तनुजा